आधी चिंचोके, मग शाब्दिक उदाहरण

"पाच अधिक तीन" म्हटलं की आमच्या पहिलीची पोरं आठ म्हणून मोकळी होतात. तीच बेरीज गोष्टीत घालून विचारली की अडतात, आणि पालक म्हणतात, "बाई, याची बेरीज कच्ची आहे." मला ते पटत नाही. गोष्ट हाताने करून बघता आली, तर मूल अडत नाही. मूठभर चिंचोके घेऊन बसा.

"तुझ्याकडे ५ चिंचोके होते, आजीने आणखी ३ दिले. किती झाले?" पाच मांडेल, तीन घालेल, सगळे मोजेल. "५ लाल मणी, ३ पांढरे, मिळून किती?" हेही जमतं.

आता जरा फिरवून विचारा: "५ होते, आजीने काही दिले, ८ झाले. आजीने किती दिले?" इथे मुलाच्या हाताकडे बघा. माझ्या वर्गातली एक मुलगी पाच मांडायची, "सहा, सात, आठ" म्हणत तीन टाकायची आणि सांगायची, "आठ!" तिने केलं होतं अगदी बरोबर, पण नवे चिंचोके जुन्यांत मिसळून गेले होते. "आजीचे ताटलीत ठेव," एवढंच म्हटलं. लगेच "तीन" आलं.

"काही होते, ३ दिले, ८ झाले. आधी किती होते?" हे सगळ्यात शेवटी घ्या. सुरुवातीला काय मांडायचं तेच मुलाला कळत नाही. अंदाजाने चार मांडून, फसून, मग पाच मांडले तर मांडू द्या.

तुलनेच्या उदाहरणांत शब्दच आड येतात. १९८३ साली टॉम हडसन या संशोधकांनी मुलांना पक्षी आणि अळ्यांची चित्रं दाखवली. "अळ्यांपेक्षा पक्षी कितीने जास्त?" याचं उत्तर पहिलीतल्या ६४ टक्के मुलांना आलं. "किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही?" याचं सगळ्यांना आलं. म्हणून मी आधी विचारते, "मुलं ८, लाडू ५. किती जणांना लाडू मिळणार नाही?" ते पक्कं झालं की "कितीने जास्त"कडे वळते.

"एकूण दिसलं की बेरीज" ही खूण मात्र कृपा करून शिकवू नका. "५ होते, आजीने दिल्यावर एकूण ८ झाले, किती दिले?" याला अशी मुलं तेरा सांगतात. तेरा ऐकलंत तर रागावू नका, चिंचोके पुढे करा आणि म्हणा, "करून दाखव बरं."