एअरलाइन मास्कची नळी जोडण्याआधी

अमेरिकेत 1992 ते 2002 या काळात नायट्रोजनने गुदमरून 80 जण मेल्याची नोंद आहे. त्यांतल्या काहींनी एअरलाइन मास्क, म्हणजे बाहेरून नळीने हवा पुरवणारा मास्क, घातलेला होता, पण नळी हवेऐवजी नायट्रोजनच्या लाइनला जोडली होती. शरीराला श्वास कोंडल्याचे कळते ते कार्बन डायऑक्साइड साठल्यावर. नायट्रोजनमध्ये तो उच्छ्वासातून निघून जातो, त्यामुळे धाप लागत नाही. एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो.

नळाच्या रंगावर किंवा पाटीवर भिस्त ठेवू नका. लाइन उगमापर्यंत पायी जाऊन बघा. काही कारखान्यांत कॉम्प्रेसर बंद पडला की ‘प्लांट एअर’मध्ये, म्हणजे कारखान्याच्या सर्वसाधारण दाबहवेच्या लाइनमध्ये, आपोआप नायट्रोजन सोडतात, अशी लाइन श्वासासाठी बाद. श्वसनहवेची कपलिंग (नळीची जोडणी) वेगळ्या मापाची हवी आणि वेगळ्या मापांच्या जोडण्या जुळवणारा अॅडॉप्टर कुणाच्याही खिशात नको. त्या अॅडॉप्टरनेच घोळ होऊ शकतो.

नळी जोडून हवा वाहू द्या, मग मास्कच्या टोकाशी मीटर धरा: ऑक्सिजन 19.5 ते 23.5 टक्के, कार्बन मोनॉक्साइड 10 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 10 भाग) आत. तो जास्त आला, तर कॉम्प्रेसर हवा कुठून ओढतो ते पाहा. शेजारी डिझेल इंजिनाचा धूर असू शकतो.

टाकीत उतरताना कमरेला सुटकेसाठी हवेची छोटी बाटली आणि टाकीच्या तोंडाशी पहारेकरी हवाच. फिल्टरचा मास्क इथे कामाचा नाही. तो ऑक्सिजन तयार करत नाही. आतला माणूस कोसळला, तर पहारेकऱ्याने स्वतः उतरू नये. हार्नेसच्या दोराने, तिपाईवरच्या विंचने वर ओढावे.