कापडं उभी लावा

गोधडीसाठी जमवलेलं कापड एकावर एक रचून ठेवलं, की वरची चार कापडं सारखी वापरात राहतात आणि खालची चाळीस आपण विसरून जातो. तळातलं एखादं ओढायला जावं तर अख्खी चळत कलते, घड्या विस्कटतात आणि पुढच्या वेळी आपण तिथं हात घालायचंच टाळतो. नवं कापड आणायचा मोह निम्म्या वेळा यातूनच होतो. हवा तो निळा रंग घरात असतो, पण दिसत नाही.

मी एकोणतीस वर्षं ग्रंथालयात काम केलं. तिथं पुस्तकं उभी असतात, प्रत्येकाचा कणा समोर दिसतो आणि मधलं एक काढलं तरी शेजारच्याला धक्का लागत नाही. निवृत्तीनंतर क्विल्टिंग गंभीरपणे सुरू केलं, तेव्हा कापडांनाही हीच शिस्त लावली. त्यासाठी खास डबे किंवा कपाट विकत घ्यावं लागलं नाही. पुठ्ठे, बुटांचे खोके, जुने अभ्रे आणि कापडाचे काठ एवढ्यावर सगळं झालं. ते कसं करायचं आणि कुठं सांभाळायचं, ते सांगते.

आधी सगळं कापड बाहेर काढा. अगदी सगळं, पलंगाखालचं बोचकं आणि शिलाई मशीनमागची पिशवीसुद्धा. त्याचे मापाप्रमाणे चार ढीग करा. अर्ध्या मीटरहून मोठी कापडं एकीकडे, फॅट क्वार्टर म्हणजे यार्डभर किंवा मीटरभर कापडाचे चौकोनी पाव तुकडे दुसरीकडे, अस्तरासाठीची लांबच लांब कापडं तिसरीकडे आणि चिंध्या चौथीकडे. रंगांचा विचार अजून करू नका. रंगानं सुरुवात केली की मीटरभर कापडाशेजारी बोटभर चिंधी येऊन बसते आणि एकाच खोक्यात दोघांची गैरसोय होते.

याच वेळी धुतलेलं आणि न धुतलेलं कापड ओळखू येईल अशी खूण करा. कापड धुवायला टाकण्याआधी मी त्याचे चारही कोपरे कातरीनं तिरके छाटते, अगदी थोडेसे. त्यामुळे धुताना दोरे कमी सुटतात आणि पुढं कधीही कोपरा पाहिला की कळतं, हे धुतलेलं आहे. लाल, गडद निळं आणि जांभळं कापड न धुता पांढऱ्याशेजारी शिवलं आणि नंतर त्याचा रंग गेला, तर ती गोधडी पूर्ववत करणं फार कठीण असतं. एवढ्यासाठी ही दोन मिनिटांची खूण मी कधीच चुकवत नाही.

मोठी कापडं: पुठ्ठ्यावर गुंडाळून

क्विल्टिंगचं सुती कापड बहुधा 42 ते 44 इंच पन्ह्याचं असतं. दोन्ही काठ जुळवून मधोमध घडी घातली की 21-22 इंच राहतं, पुन्हा एकदा दुमडलं की साधारण 11. म्हणून पुठ्ठा 7 इंच रुंद आणि साडेदहा इंच उंच कापायचा. घडी घातलेलं कापड त्यावर रुंदीच्या बाजूनं गुंडाळत जायचं. 44 इंची कापड पुठ्ठ्याच्या बाहेर किंचित डोकावतं आणि पुठ्ठा झाकला जातो. एका वेढ्यात 14 इंच कापड जातं, म्हणजे मीटरभर कापडाला तीनाला थोडे कमी वेढे लागतात. सगळे पुठ्ठे एकाच मापाचे कापा. मापं वेगळी झाली तर फळीवर रांग नीट उभी राहत नाही, बारकी कापडं मोठ्यांच्या मागं लपतात आणि सगळा खटाटोप वाया जातो.

पुठ्ठा कुठून आणायचा? वह्यांची पाठची बाजू, जुन्या फायली, कॅलेंडरचा मागचा जाड कागद, पार्सलचे खोके. जाड पन्हाळी पुठ्ठा फार जागा खातो, त्यापेक्षा फायलीचा पुठ्ठा बरा. तो पातळ वाटला तर दोन एकत्र चिकटवा. चिकटपट्टी मात्र बाहेरच्या बाजूला लावू नका. काही वर्षांत तिचा गोंद पाझरतो आणि कापडाला लागतो.

शेवटचं टोक अडकवायला टाचणी वापरू नये, गंजाचा डाग निघत नाही. रबरबँडही नको. तो कालांतरानं चिकट होतो, तुकडे होऊन कापडाला चिकटतो आणि खाली पिवळा पट्टा सोडतो. मी कापडाचे काठ वापरते. गोधडी शिवताना जे काठ आपण कापून टाकतो, त्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या साठवायच्या आणि प्रत्येक पुठ्ठ्याला एक सैलशी बांधायची. काठ उसवत नाही, त्यामुळे ही पट्टी वर्षानुवर्षं टिकते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. साध्या पुठ्ठ्यात आम्ल असतं. लाकडाच्या लगद्यात लिग्निन नावाचा घटक असतो, हवा आणि उजेड लागला की तो बदलत जातो आणि कागद पिवळा पडतो. जुनं वर्तमानपत्र पिवळं होऊन तुटायला लागतं, ते यामुळेच. ग्रंथालयात हे रोज डोळ्यांसमोर असायचं, तरी घरी पहिल्यांदा पुठ्ठे कापले तेव्हा माझ्या हातून ती काळजी राहून गेली. साडेतीन मीटर मोतिया रंगाचं कापड, एका मोठ्या गोधडीच्या पार्श्वभूमीसाठी जपलेलं, मी खोक्याच्या तपकिरी पुठ्ठ्यावर गुंडाळलं. तीन वर्षांनी उलगडलं तर आतल्या घड्यांवर पुठ्ठ्याच्या कडेबरोबर तपकिरी रेघा. धुऊन फिक्या झाल्या, गेल्या नाहीत. त्या कापडातून मला रेघांच्या मधले चौकोनच कापता आले.

तेव्हापासून पुठ्ठा आणि कापड यांच्यामध्ये आडोसा असल्याशिवाय मी काही गुंडाळत नाही. स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल हा उत्तम आडोसा आहे, पुठ्ठ्यातलं आम्ल तिच्यातून पलीकडे येत नाही. एक थर फॉइल आणि त्यावर जुन्या, खूप वेळा धुतलेल्या पांढऱ्या सुती चादरीचा तुकडा, म्हणजे फॉइलची धार कापडाला लागत नाही. हीच काळजी लाकडी फळीचीही घ्यायची, कारण लाकूडही आम्ल सोडतं. फळीवर तीच जुनी चादर दुहेरी अंथरा आणि वर्षातून दोनदा धुऊन पुन्हा घाला.

हे सगळं नको असेल तर प्लॅस्टिकची पातळ फाइल कापून पुठ्ठ्यासारखी वापरता येते. फक्त तळाशी किंवा कोपऱ्यात छापलेला त्रिकोणातला आकडा बघा. 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, 2 आणि 4 म्हणजे पॉलिथिलीन. हे कापडाला चालतात. 3 म्हणजे पीव्हीसी, ते नको. चादरी आणि ब्लँकेटं ज्या चेनच्या जाड पारदर्शक पिशव्यांतून येतात, त्यांतल्या बऱ्याच पीव्हीसीच्या असतात. पिशवी उघडल्यावर उग्र वास आला तर तिच्यात कापड ठेवू नका, मोजपट्ट्या आणि नमुन्यांचे कागद ठेवायला ती वापरा.

फॅट क्वार्टर: बुटांच्या खोक्यात

यार्डात कापलेला फॅट क्वार्टर 18 × 22 इंच, मीटरात कापलेला 50 × 55 सेंटीमीटर. 22 इंचांची बाजू दोनदा दुमडा, साडेपाच होते. 18 ची तीन पदरांत घाला, सहा होते. असा सहा इंची ठोकळा बुटाच्या खोक्यात फाइलसारखा उभा ठेवायचा, दुमड वरच्या बाजूला. खोक्याची उंची यापेक्षा थोडी कमी असते, त्यामुळे प्रत्येक कापडाचा वरचा इंचभर भाग दिसतो आणि बोटांनी चाळत जाता येतं. खोका गच्च भरू नका. चार बोटं जागा मोकळी असेल तरच कापडं पुढंमागं सरकतात. आतून इथंही फॉइल किंवा चादर लावायची.

झाकण टाकू नका. झाकण उलटं करून खोक्याखाली सरकवलं की तळ दुहेरी होतो आणि भरलेला खोका फळीवरून ओढताना फाटत नाही.

अस्तर आणि आतली कापूस-पट्टी

लांब अस्तरांना पुठ्ठा पुरत नाही. पँटच्या हँगरवर दुहेरी करून टांगा. हँगरच्या दांड्यावर जुनी सुती पट्टी गुंडाळली की दांड्याची खूण पडत नाही. कापडाच्या रोलची किंवा मोठ्या कागदाची नळी मिळाली तर आणखी छान, आडोसा घालून त्यावर गुंडाळायचं. आत भरायची बॅटिंग मात्र दाबून ठेवू नये, तिची फूग जाते. सैल गुंडाळून जुन्या अभ्र्यात घाला. अर्धवट शिवलेल्या गोधड्यांनाही मी अभ्रेच वापरते. एक गोधडी, एक अभ्रा. आत तिचे ठोकळे म्हणजे तुकडे जोडून केलेले चौकोन, उरलेलं कापड, दोऱ्याचं रीळ आणि नमुन्याचा कागद. सुती अभ्र्यातून हवा खेळते आणि उजेड आत जात नाही.

चिंध्या

खरं कौशल्य इथं लागतं. चिंध्या नुसत्या पिशवीत कोंबून ठेवल्या तर त्या कधीच वापरल्या जात नाहीत, हे मी खात्रीनं सांगते. त्या आधी मापात कापल्या पाहिजेत. मापंही एकमेकांत बसणारी हवीत. मी चौकोनांची चार मापं ठेवते: दीड, दोन, साडेतीन आणि पाच इंच.

यामागचं गणित असं. शिवण पाव इंचाची. दीड इंचाचे नऊ चौकोन तीन-तीनच्या रांगांत जोडले की साडेतीन इंचांचा ठोकळा होतो. दोन इंचांचे चार जोडले तरीही साडेतीनच. आणि दोन इंचांचे नऊ जोडले की पाच. म्हणजे लहान तुकड्यांतून बनवलेला ठोकळा अख्ख्या चौकोनाच्या शेजारी नेमका बसतो. एखाद्या संध्याकाळी मोठं काम करायचा उत्साह नसेल तर चार चौकोन जोडून साडेतीनच्या डब्यात टाकता येतात आणि वर्षभरात नकळत एक गोधडी जमते. शिवाय अडीच इंची पट्ट्यांचा एक डबा वेगळा ठेवते, कारण जेली रोलच्या, म्हणजे कापून गुंडाळी करून विकल्या जाणाऱ्या, पट्ट्या त्याच मापाच्या असतात आणि त्यांचे नमुने पुष्कळ मिळतात.

चौकोन कापायला जुन्या एक्स-रे फिल्मचे साचे करा. फिल्म कडक असते, कातरीनं सरळ कापली जाते, पारदर्शक असल्यानं खालचं फूल बरोबर मधोमध घेता येतं आणि पेन्सिल कडेनं फिरवून तिची धार झिजत नाही. गोल कातर म्हणजे रोटरी कटर मात्र तिच्यावर चालवू नका, फिल्म कापली जाईल. त्याला जाड अॅक्रिलिकची पट्टीच हवी.

डबे कसलेही चालतात, फक्त तोंड रुंद असावं. काचेच्या बरण्यांत रंगीत चौकोन सुरेख दिसतात, पण त्या खिडकीत ठेवू नका. दीड इंचापेक्षा अरुंद आणि लांब पट्ट्या उरतात त्यांना पाठकोऱ्या कागदावर तिरप्या जोडत जा, चौकोन कापा आणि मग कागद फाडून काढा. वर्तमानपत्र यासाठी नको, शाई कापडाला लागते. त्याहून बारीक कातरण टाचण्यांच्या उशीत भरा.

उजेड आणि ओल

उघड्या फळीवर कापड ठेवायचं तर समोर जुनी जाड चादर पडद्यासारखी लावा. उजेडानं रंग नेमके घडीच्या कडेवर उडतात आणि कापड उघडल्यावर मधे फिकट पट्टा दिसतो. तुमच्या जागेवर किती उजेड पडतो ते तपासायचं असेल तर गडद रंगाची एक पट्टी अर्धी पुठ्ठ्यात झाकून दोन महिने तिथंच ठेवा. दोन्ही अर्ध्यांत फरक दिसला तर जागा बदला. दर सहा महिन्यांनी घडीही बदलावी. एकाच जागी दुमडलेलं कापड तिथं विरतं.

खळ किंवा स्टार्च लावून कापड साठवू नये, त्यावर कसर येते. स्टार्च कापायच्या दिवशी लावायचा. धुतलेलं कापड पुरतं वाळल्याशिवाय प्लॅस्टिकच्या डब्यात कधीही बंद करू नका. इस्त्रीनंतरही तासभर मोकळं पसरून ठेवा, कारण वाफेचा ओलावा हाताला कळत नाही आणि बुरशीचे काळे ठिपके मात्र कायमचे राहतात. बुटांच्या खोक्यांत सिलिका जेलच्या पुड्या येतात, त्या टाकू नका, डब्यात ठेवा.

कार्ड

रंगांची वाटणी आता, सगळं उभं राहिल्यावर. मी रंगानुसार लावते आणि प्रत्येक रंगात गडदाकडून फिक्याकडे जाते. गडद-फिकं डोळ्यांना फसवतं, विशेषतः लाल आणि हिरवं. फळीचा फोनवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. चुकीच्या जागी उभं असलेलं कापड लगेच ओळखू येतं.

त्यानंतर प्रत्येक कापडाचं एक कार्ड करा. जुन्या जाड कागदाचे हाताएवढे तुकडे कापा आणि वरच्या कोपऱ्यात त्या कापडाचा इंचभर तुकडा दोन टाक्यांनी शिवा. स्टेपलची पिन गंजते, म्हणून टाकाच घाला. खाली लिहा: किती लांबी आहे, धुतलं आहे का, कुठल्या फळीवर आहे. कापड कापलं की त्याच क्षणी कार्डावरची लांबी खोडून नवी लिहायची. हे उद्यावर टाकलं तर पूर्ण यादी निरुपयोगी होते. नवी गोधडी आखताना मी फळीला हातही लावत नाही, टेबलावर फक्त कार्डं मांडते, रंग जुळवते, लांबी पुरते का ते बघते आणि मग नेमकी तीच पाच-सात कापडं काढते.

कापड संपलं की कार्ड टाकू नका. त्यावर कुठल्या गोधडीत गेलं ते लिहा, धुतल्यावर रंग गेला असेल तर तेही लिहा आणि ते मागच्या खोक्यात ठेवा. आठ-दहा वर्षांनी ती गोधडी ठिगळासाठी परत आली, तर कोपऱ्यातल्या त्या इंचभर, उजेड न लागलेल्या तुकड्यावरून मूळ रंग कळतो आणि ठिगळाचं कापड त्याच्याशी ताडून घेता येतं.