घाटात पेटलेली कॅम्पर व्हॅन परत रस्त्यावर आणली

मांजरसुंबा घाटात आमच्या जुन्या डिझेल व्हॅनच्या इंजिनातून धूर निघाला अन् बघता बघता जाळ, आग विझवायचं पावडरचं सिलिंडर मारलं म्हणून मागचा पलंग-ओटा वाचला. कारण फालतू, उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा रबरी रिटर्न पाइप तडकून डिझेल तापलेल्या मॅनिफोल्डवर (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या लोखंडी पाइपवर) ठिबकत होतं. टोचन करून बीडला आणली. मिस्त्री म्हणले आधी वायरिंग बघू, मी म्हणलं आधी ती पावडर धुवा, ओल धरली की ती अॅल्युमिनियम खाते. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, वाकलं होतं, मशीनवर फेसिंग करून सपाट करून घेतलं. वायरला जोड देऊन भागतंय असं लई जण सांगतेत, पण आतलं तांबं काळं पडलं असंल तर काय जोडायचं, अख्खं हार्नेस, म्हणजे वायरींचा सगळा जुडगा, नवीन टाकलं अन् मागच्या फ्रीज-लाइटची लाइन वेगळी काढून बॅटरीपाशीच फ्यूज बसवला. रबरी पाइप क्लिपसकट बदलले. रंग राहिलाय, दिवाळीनंतर बघू.