दुहेरीचा व्यावसायिक टेनिसपटू होण्यासाठी : जोडीदार, क्रमवारी आणि प्रवासाचा हिशेब

एकेरीत जमले नाही म्हणून दुहेरीकडे वळायचे, हा आपल्याकडे रुळलेला समज मनातून पुरता काढून टाकल्याशिवाय या व्यवसायात पाऊल टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुहेरी ही स्वतंत्र विद्या आहे. 2025 च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत मिश्र दुहेरीचे स्वरूप बदलून एकेरीतील नामवंतांना झुकते माप देण्यात आले आणि विजेत्या जोडीसाठी दहा लाख डॉलरचे पारितोषिक ठेवण्यात आले. तरीही अंतिम सामन्यात इगा श्वियाँतेक आणि कॅस्पर रूड यांना हरवून करंडक उचलला तो दुहेरीत मुरलेल्या सारा एर्रानी आणि अँद्रेआ वावासोरी या इटालियन जोडीने.

दुहेरीकडे पूर्णपणे कधी वळावे, याचे एकच उत्तर नाही. साधारण विशीपर्यंत दोन्ही प्रकार खेळत राहावे, कारण लांब रॅलींची सवय आणि पायांची ताकद एकेरीतूनच येते, शिवाय खालच्या पातळीवरच्या अनेक स्पर्धांत दुहेरीच्या प्रवेशासाठी एकेरीची क्रमवारीही उपयोगी पडते. अमेरिकन विद्यापीठात शिष्यवृत्ती मिळत असेल तर ती वाट गंभीरपणे विचारात घ्यावी. तेथील सांघिक लढतीत दुहेरीच्या तीन सामन्यांपैकी दोन जिंकणाऱ्या संघाला एक गुण मिळतो, त्यामुळे प्रशिक्षक दुहेरीचा सराव मन लावून करून घेतात. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून खेळला आणि ऑक्टोबर 2024 मध्ये ऋत्विक बोल्लीपल्लीच्या साथीने अल्माटी येथे त्याने पहिले एटीपी (पुरुषांच्या व्यावसायिक दौऱ्यातील) विजेतेपद मिळवले. त्या अंतिम सामन्याचा निर्णायक टायब्रेक, म्हणजे बरोबरी फोडण्यासाठी गुणांवर खेळला जाणारा डाव, 14-12 असा संपला. सानिया मिर्झाने मात्र दुखापतींमुळे 2013 मध्ये एकेरी थांबवली आणि एप्रिल 2015 मध्ये ती दुहेरीत जगात पहिली झाली.

आता प्रत्यक्ष खेळाकडे येऊ. दुहेरीचे कोर्ट एकेरीपेक्षा दोन्ही बाजूंनी साडेचार फुटांनी, म्हणजे एकूण नऊ फुटांनी रुंद असते. जाळीची उंची मधोमध तीन फूट आणि खांबांपाशी साडेतीन फूट असते, म्हणून तिरका फटका जाळीच्या सर्वांत खालच्या भागावरून जातो आणि तोच तुमचा मुख्य फटका असला पाहिजे. परतीचा फटका जोरात मारण्यापेक्षा तो सर्व्हिस करून पुढे धावणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या पायाशी पडला पाहिजे. त्याला चेंडू खालून उचलावा लागला की तुमचा जाळीजवळचा जोडीदार पुढे सरकून व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधीचा फटका, मारू शकतो. सर्व्हिसच्या बाबतीतही वेगापेक्षा पहिली सर्व्हिस आत पडण्याचे प्रमाण मोलाचे आहे, कारण दुसरी सर्व्हिस म्हणजे समोरच्या जोडीला दिलेले आमंत्रण असते.

चांगल्या जोडीचा सामना पाहताना चेंडूऐवजी काही वेळ जाळीजवळच्या खेळाडूच्या पाठीकडे पाहावे. एक हात पाठीमागे गेलेला असतो. मूठ मिटलेली असेल तर तो जागेवर थांबणार, पंजा उघडा असेल तर तो आडवा धावून चेंडू अडवणार, आणि एखादे बोट सर्व्हिस कोणत्या दिशेला हवी हे सांगते. प्रत्येक जोडीच्या खुणा थोड्या निराळ्या असतात. ‘आय’ रचनेत तर हा खेळाडू मधल्या रेषेवर इतका खाली वाकून बसतो की त्याचे डोके जाळीच्या वर दिसत नाही, आणि तो कोणत्या बाजूला झेपावणार हे परतीचा फटका मारणाऱ्याला शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही. या खुणांचा सराव सर्व्हिसइतकाच नियमित करावा. पंजा दाखवूनही न धावणारा जोडीदार सर्व्हिस करणाऱ्याला अर्धे कोर्ट उघडे ठेवून एकटे पाडतो.

एटीपी आणि महिलांच्या डब्ल्यूटीए दौऱ्यांवर दुहेरीत 40-40 झाल्यावर एकाच गुणावर गेम संपतो आणि ती सर्व्हिस दोघांपैकी कोणी परतवायची हे परतवणारी जोडी ठरवते. सेट 1-1 झाले की तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक होतो. ग्रँड स्लॅममध्ये पुरुष आणि महिला दुहेरीत मात्र तिसरा सेट पूर्ण खेळतात. म्हणून सरावाच्या शेवटी, दमलेले असताना, 40-40 पासून सुरू होणारे वीस गुण रोज खेळावेत आणि त्यांतील किती जिंकले ते वहीत लिहून ठेवावे.

जोडीदाराची निवड हा या कारकिर्दीतील सर्वांत अवघड निर्णय आहे आणि त्यावर हवा तितका वेळ खर्च करावा. आधी कोण उजव्या बाजूने परतवणार आणि कोण डाव्या बाजूने, हे जुळले पाहिजे. मग एकाची सर्व्हिस आणि दुसऱ्याचा परतीचा फटका एकमेकांची उणीव भरून काढतात का, हे पाहावे. बॉब ब्रायन डावखुरा आणि माईक उजखुरा असल्यामुळे सूर्य डोळ्यांत न येणारी बाजू सर्व्हिससाठी निवडणे त्यांना सोपे जाई. 16 ग्रँड स्लॅम एकत्र जिंकणाऱ्या या जुळ्या भावांची ही छोटी सोय मला नेहमी शिकण्यासारखी वाटली आहे. स्वभावही पाहावा. लिअँडर पेस आणि महेश भूपती यांनी 1999 मध्ये चारही ग्रँड स्लॅमची अंतिम फेरी गाठली, त्यांपैकी फ्रेंच आणि विम्बल्डन जिंकली, तरीही ही जोडी पुढे टिकली नाही. तेव्हा किती आठवडे एकत्र खेळायचे, एकाला एकेरीच्या पात्रता फेरीसाठी दुसरीकडे जायचे असेल तर काय करायचे, आणि वेगळे व्हायचे असेल तर किती दिवस आधी सांगायचे, हे हंगामाच्या सुरुवातीलाच मोकळेपणाने बोलून घ्यावे.

क्रमवारीचे गणित सुरुवातीलाच समजून घ्यावे. गुण 52 आठवडे टिकतात आणि विजेतेपदाचे गुण दोघांत वाटले जात नाहीत, ते प्रत्येकाला पूर्ण मिळतात : पुरुषांच्या सर्वांत खालच्या पातळीवरील एम-15 स्पर्धेला 15, एम-25 ला 25, त्यावरच्या पातळीच्या चॅलेंजर 75 ला 75, एटीपी 250 ला 250 आणि ग्रँड स्लॅमला 2000. प्रवेश मात्र दोघांच्या क्रमवारीची बेरीज करून ठरतो. तुम्ही 240 वे आणि जोडीदार 180 वा असेल तर तुमचा आकडा 420. त्यामुळे थोडा वरच्या क्रमांकाचा जोडीदार मिळाला की एका आठवड्यात मोठ्या स्पर्धेचे दार उघडते. प्रारंभी आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा आयपिन, म्हणजे खेळाडूचा ओळख क्रमांक, काढावा आणि शक्यतो भारतातील स्पर्धांपासून सुरुवात करावी.

पैशाचा प्रश्न टाळून चालत नाही. पारितोषिकाची रक्कम गुणांसारखी नसते. ती जोडीला मिळते आणि निम्मी-निम्मी होते. खालच्या पातळीवर विजेतेपद मिळवूनही विमानाचे तिकीट भरून निघेलच असे नाही. म्हणून एकाच भागातील सलग तीन-चार आठवड्यांच्या स्पर्धा निवडाव्यात, खोली दोघांत घ्यावी आणि प्रशिक्षकाचा खर्च दोन जोड्यांनी मिळून उचलावा. जर्मनी आणि फ्रान्समधील क्लबांच्या सांघिक लीगमध्ये ठरलेले मानधन मिळते आणि अनेक खेळाडूंचा हंगाम त्यावरच तरतो.

दुहेरीत धावणे कमी असल्यामुळे कारकीर्द लांबते, पण आपोआप नव्हे. रोहन बोपण्णाने मॅथ्यू एब्डनसोबत जानेवारी 2024 मध्ये ऑस्ट्रेलियन खुली स्पर्धा जिंकली आणि 43 व्या वर्षी तो प्रथमच जगात पहिला झाला. गुडघ्यांतील कूर्चा झिजून गेलेली असताना अय्यंगार योगाने आपल्याला कोर्टवर ठेवले, असे त्याने जाहीरपणे सांगितले आहे. खांदे, कंबर आणि गुडघे यांच्यासाठीचा असा रोजचा व्यायाम दुखणे सुरू होण्याची वाट न पाहता विशीतच लावून घ्यावा. बी. के. एस. अय्यंगार यांची संस्था पुण्यात शिवाजीनगरलाच आहे, त्यामुळे येथील मुलांना तर तो शिकण्यासाठी गावही सोडावे लागत नाही.