शेल स्क्रिप्ट सिगटर्म मिळाल्यावर वेळेत आणि नीट बंद कशी करावी

सिगटर्म म्हणजे प्रोग्रॅमला ‘बंद हो’ सांगणारा सिग्नल. हे सगळं बॅश या शेलसाठी आहे. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅश लिहिलंय की नुसतं एसएच, ते आधी बघा. डेबियन आणि उबुंटूवर एसएच म्हणजे डॅश हा वेगळा शेल, आणि त्याने पुढे एके ठिकाणी फरक पडतो.

तात्पुरत्या फाइली पुसणं, लॉक काढणं वगैरे सफाई एका फंक्शनमध्ये ठेवा आणि त्यावर ‘एक्झिट’चा ट्रॅप लावा, म्हणजे स्क्रिप्ट संपताना ते आपोआप चालेल. ट्रॅप ही कमांड सिग्नल आल्यावर किंवा शेवटी काय चालवायचं ते आधीच सांगून ठेवते. ट्रॅपचा मजकूर एकेरी अवतरणात लिहा. दुहेरीत लिहिलात तर व्हेरिएबलची किंमत ट्रॅप लावतानाच ठरते, आणि तेव्हा ती बरेचदा रिकामी असते. पुसण्याच्या कमांडला रिकामा पाथ मिळणं म्हणजे काय, ते सांगायला नको.

बरेच सल्ले इथेच थांबतात: ट्रॅप लावा, काम झालं. झालेलं नसतं. फोरग्राउंडला एखादी कमांड चालू असताना ट्रॅप लावलेला सिग्नल आला, तर ती कमांड संपेपर्यंत बॅश ट्रॅप चालवतच नाही. ‘स्लीप ३००’ चालू असेल तर ट्रॅपला पाच मिनिटं उशीर होऊ शकतो. स्क्रिप्ट चालवणारं कुणी तेवढा वेळ थांबत नाही: डॉकर नेहमीच्या सेटिंगला १० सेकंदांनी, कुबरनेटीस ३० सेकंदांनी आणि सिस्टिमडी साधारण ९० सेकंदांनी सिगकिल, म्हणजे जबरदस्तीने मारणारा सिग्नल, देतं. सिगकिल अडवता येत नाही, म्हणजे सफाई राहिलीच. मुदत वाढवून हे सुटत नाही.

खरा उपाय असा: सिगटर्मला वेगळा ट्रॅप लावा, लांबणारी कमांड (चाइल्ड) ‘&’ लावून बॅकग्राउंडला टाका, ‘$!’ मधून तिचा पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक, घ्या आणि ‘वेट’ करा. ट्रॅप लावलेला सिग्नल आला की वेट ताबडतोब १२८ पेक्षा मोठा कोड देऊन परत येतं आणि ट्रॅप चालतो. या सिगटर्मच्या ट्रॅपमध्ये दोनच गोष्टी करा: एक खूण व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि चाइल्डला सिगटर्म पाठवा. शेलला आलेला सिग्नल चाइल्डपर्यंत आपोआप जात नाही.

आता लोक हमखास विसरतात ते: दुसरं वेट. पहिलं वेट सिग्नलमुळे तुटलं, चाइल्ड अजून जिवंत आहे. इथेच स्क्रिप्ट संपवली तर चाइल्ड अनाथ होते आणि तिच्या हातातल्या फाइली सफाई पुसून टाकते. म्हणून खूण असेल तरच पुन्हा वेट करा, एरवी नको.

ट्रॅप चाइल्ड सुरू करण्याआधी लावा, नाहीतर मधल्या फटीत आलेला सिग्नल स्क्रिप्टलाच मारतो. पीआयडी अजून रिकामा असेल तर ट्रॅपने नुसती खूण ठेवावी. चाइल्ड सुरू झाल्याबरोबर ती तपासा आणि असेल तर सिगटर्म तिथून द्या.

कंट्रोल-सीसाठीही हाच ट्रॅप लावा, पण चाइल्डला सिगइंट, म्हणजे कंट्रोल-सीचा सिग्नल, पाठवू नका. स्क्रिप्टने ‘&’ लावून सुरू केलेली प्रोसेस सिगइंटकडे दुर्लक्ष करतच जन्माला येते. तिला सिगटर्मच द्या.

शेवट ‘एक्झिट ०’ किंवा ‘एक्झिट १’ने करू नका. ट्रॅप ‘-’ देऊन मूळ वागणुकीवर आणा आणि आलेला सिग्नल ‘$$’ला, म्हणजे स्वतःलाच, पाठवा. मग बोलावणाऱ्या शेलला सिगटर्मसाठी १४३ आणि सिगइंटसाठी १३० दिसतं. असं मरण्याआधी बॅश एक्झिटचा ट्रॅप चालवते, डॅश चालवत नाही. डॅशसाठी सफाईचं फंक्शन स्वतः बोलवा, आणि ते दोनदा चाललं तरी बिघडणार नाही असं लिहा.

स्क्रिप्टचं शेवटचं काम एकच प्रोग्रॅम चालवणं असेल आणि मागे सफाई नसेल, तर एवढा खटाटोप नको: ‘एक्झेक’ वापरा, म्हणजे शेलच्या जागी तो प्रोग्रॅमच चालेल. कंटेनरमध्ये तर वापराच. तिथे पीआयडी १ असलेल्या, म्हणजे पहिली प्रोसेस असलेल्या, शेलने ट्रॅप लावलेला नसेल, तर कर्नल सिगटर्म तिच्यापर्यंत पोचूच देत नाही.

तपासायला दुसऱ्या टर्मिनलमधून फक्त स्क्रिप्टच्या पीआयडीला ‘किल’ करा, पहिल्यात ‘$?’, म्हणजे स्क्रिप्टने परत दिलेला कोड, बघा, आणि ‘पीएस’ने चाइल्ड मागे उरली नाही ना ते पाहा. नुसतं कंट्रोल-सी दाबून तपासणं पुरत नाही. तो सिग्नल फोरग्राउंडच्या सगळ्या ग्रुपला जातो, त्यामुळे चुकीची स्क्रिप्टही बरोबर वागल्यासारखी दिसते.