रोबोट तोच, मग हिट रिपीट का होत नाहीत? स्क्रीनिंगमधल्या या चुका टाळा

पुण्यात पाषाणपासून हिंजवडीपर्यंत आता बऱ्याच लॅबमध्ये लिक्विड हँडलर, म्हणजे द्रव मोजून टाकणारे रोबोट, बसलेत. पहिला मोठा स्क्रीन होतो, म्हणजे ढीगभर कंपाउंड एकदम तपासले जातात, हिट लिस्ट (ज्यांचा परिणाम दिसला त्यांची यादी) येते, सगळे खूश, आणि रिपीट केलं की अर्धे हिट गायब. मग खापर मशीनवर. अहो, मशीन सांगितलं तेवढंच करतं, चुकीचं सांगितलं तर चुकीचंच करतं, पण अगदी इमानदारीत प्लेटच्या प्रत्येक वेलमध्ये (खळग्यात).

सगळ्यात मोठी चूक म्हणजे झेड-प्राइम (चाचणी किती भरवशाची ते सांगणारा आकडा) 0.5 च्या वर आला की डोळे झाकून पुढे जाणं. तो आकडा फक्त कंट्रोलवरून (ज्यांचं उत्तर आधीच माहीत असतं त्या वेल्सवरून) निघतो, आणि कंट्रोल बहुतेक वेळा कडेच्या कॉलममध्येच असतात, म्हणजे मधल्या वेल्सचं काय झालं ते त्याला माहीतच नसतं. आधी प्रत्येक प्लेटचा हीटमॅप (प्रत्येक वेलचा आकडा रंगात दाखवणारा नकाशा) उघडा. हिट इकडेतिकडे विखुरलेले असतील तर ठीक, पण पट्टा दिसला तर थांबा. आठ चॅनेलचं (आठ टिपांचं, प्रत्येकीकडे दोन रो) हेड असेल आणि 384 वेल्सच्या प्लेटमध्ये जी आणि एच या दोन्ही रो फिक्या दिसत असतील तर चौथा चॅनेल बघा, टिप नीट बसत नसेल किंवा सील गेलं असेल, कंपाउंडचा काही संबंध नाही. कडेचे वेल्स वेगळे दिसले तर बाष्पीभवन. तिथे बाहेरची रिंग नुसत्या मीडियाने (सेल्स वाढवायच्या द्रवाने) भरा, 384 मध्ये 76 वेल्स जातात, जाऊ द्या. आणि सेल्स टाकल्या टाकल्या प्लेट इन्क्युबेटरमध्ये ढकलू नका, 20-30 मिनिटं सपाट टेबलावर राहू दे, नाहीतर सेल्स कडेला गोळा होतात.

आता डीएमएसओ, म्हणजे कंपाउंड ज्यात विरघळवतात ते द्रावक. हा गोठतो 18.5 अंशाला. डिसेंबरात सकाळी सातला लॅब उघडली की बाहेर ठेवलेली बाटली घट्ट झालेली असते आणि लोकांना वाटतं माल खराब आला! पावसाळ्यात उलटा त्रास, हा हवेतलं पाणी ओढून घेतो आणि आपल्याकडे जुलैत हवेत पाणीच पाणी. उणे 20 मधून काढलेल्या प्लेटचं सील लगेच ओढलं की आत दव धरतं, कॉन्सन्ट्रेशन घसरतं, काही कंपाउंड तळाशी बसतात आणि टिप वरचं पातळ उचलते. सील तसंच ठेवून प्लेट रूम टेंपरेचरला येऊ द्या, स्पिन करा, मग उघडा. एकच मास्टर प्लेट वीस वेळा गोठवण्या-वितळवण्यापेक्षा आधीच छोट्या डॉटर प्लेट्स (मास्टरमधून काढलेल्या कॉपी) करून ठेवलेल्या बऱ्या.

लिक्विड क्लास (द्रव कसा उचलायचा-सोडायचा याची रोबोटमधली सेटिंग) पाण्याचाच ठेवून डीएमएसओ उचलणं हेही सर्रास चालतं. तो पाण्यापेक्षा दाट, जड, त्याचा क्लास वेगळा लागतो, थोडा रंग टाकून प्लेट रीडरवर सीव्ही (वेल्समध्ये किती टक्के फरक पडतो तो आकडा) काढला की लगेच कळतं. आणि हिशोब, 10 मिलिमोलरचा स्टॉक, 50 मायक्रोलिटरच्या वेलमध्ये 50 नॅनोलिटर टाकला की 10 मायक्रोमोलर आणि डीएमएसओ 0.1 टक्का. तेवढाच डीएमएसओ कंट्रोलमध्येही हवा, हे विसरणारे कमी नाहीत.

एवढं करूनही हिट टिकला तरी पार्टी नंतर. एन्झाइम असेमध्ये (assay, म्हणजे चाचणी) 0.01 टक्के ट्रायटन (एक डिटर्जंट) टाकून परत करा, हिट उडाला तर ते कंपाउंड गुठळ्या करून एन्झाइम अडकवत होतं. (सेल्सवर हे करू नका, मरतील.) ल्युसिफरेजचा (प्रकाश देणाऱ्या एन्झाइमचा) असे असेल तर कंपाउंड थेट ल्युसिफरेजलाच दाबत नाही ना हे वेगळं तपासा. पेन्स फिल्टर (चाचण्यांना फसवणाऱ्या कंपाउंडच्या रचना ओळखणारा) 2010 पासून आहे, लावा जरूर, पण तो म्हणाला म्हणून कंपाउंड कचऱ्यात टाकू नका, दुसऱ्या पद्धतीच्या असेने खात्री करा.

आणि गुरुवार! महावितरणचा मेंटेनन्सचा वार, त्या दिवशी रात्रभराचा रन लावायची हौस कशाला. रोबोट यूपीएसवर असतो पण त्याचा पीसी किंवा रीडर साध्या प्लगवर, हे हमखास. लाइट आल्यावर सरळ स्टार्ट दाबलं तर सॉफ्टवेअर पहिल्या प्लेटपासून सुरू करू शकतं आणि झालेल्या प्लेट्सना कंपाउंडचा डबल डोस जातो. आधी लॉग उघडा, शेवटचा पूर्ण झालेला बारकोड बघा, अर्धवट राहिलेली प्लेट बाजूला काढा आणि पुढच्या नंबरपासून चालू करा.