खेड्यातल्या दोघींवर विनोदी मॉक्युमेंटरी कशी करावी

मॉक्युमेंटरी म्हणजे माहितीपटाचे सोंग घेतलेली काल्पनिक कथा. लेस्बियन ओळखीवर असा आठ-दहा मिनिटांचा चित्रपट विदर्भातल्या खेड्यात करायचा असेल, तर हसू कोणावर येणार हे पटकथेपूर्वी ठरवावे. माझे मत पक्के आहे : ते त्या दोघींवर येता कामा नये, त्यांचा ‘शोध’ घ्यायला शहरातून आलेल्या चमूवर यावे.

समजा, नागपूरचा चमू ‘खेड्यात समलिंगी स्त्रिया असतात का’ हा प्रश्न घेऊन यवतमाळ जिल्ह्यातल्या एका काल्पनिक गावात उतरतो. निवेदक कॅमेऱ्याकडे पाहून सांगतो की अशा कोणी सापडल्या नाहीत, आणि त्याच्या पाठीमागे दोघी एकाच ओळीत कापूस वेचत असतात. गावाला मात्र सगळे ठाऊक असते. वाती वळणारी आजी एवढेच म्हणते, “दोघीचं घर हाय, त्यात पुसाले का हाय बाप्पा?” हे वाक्य सहज आले तरच हसू येते, म्हणून कलाकारांना विनोद करू देऊ नये. सगळे गाव इतके समजूतदार दाखवणेही खरे नव्हे. नजर चुकवणारा एखादा काका आणि दर वेळी लग्नाचा विषय काढणारी एखादी वहिनी हवीच.

सर्वांत जास्त वेळ मी रेशनकार्डाच्या प्रसंगाला देईन. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध दंडविधानाच्या कलम ३७७ खालील गुन्ह्यातून बाहेर काढले, १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, आणि २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना पत्राने कळवले की रेशनकार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच घरातले मानावे. आता कारकून ‘नाते’ या रकान्यापाशी अडतो. बहीण लिहावे तर आडनाव वेगळे, नणंद लिहावे तर नवरा कुठे, आणि निवेदक ‘हा तर गुन्हा आहे’ असे कॅमेऱ्याला समजावत असतानाच दोघींपैकी एक जण प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्या पत्राची झेरॉक्स काढून टेबलावर ठेवते. इथे संवाद नको. दोन सेकंद शांतता आणि कारकुनाच्या चेहऱ्यावर जरा उशिरा पोहोचणारा झूम पुरे.

भूमिकांसाठी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचे कलाकार मिळाले तर उत्तम, पण त्यांचा आवाज रात्रीच्या मोठ्या मंडपाला सरावलेला असल्याने कॉलर माईकपुढे तो उतरवायला तालीम लागते. दिवाळीनंतर त्यांचे प्रयोग जोरात असतात, आणि त्यांची बोलीही वऱ्हाडीहून निराळी आहे. तेव्हा ते मिळाले तर कथा यवतमाळऐवजी सरळ त्यांच्या गडचिरोलीकडे, धानाच्या बांधावर न्यावी. मोबाईलवर २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवल्यास आपल्या ५० हर्ट्झच्या ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत नाही. मुलाखतीपूर्वी पंखा बंद करावा.

खऱ्या जोडप्याचे नाव, घर किंवा किस्सा वापरू नये, आणि चौकटीत येणाऱ्या प्रत्येक गावकऱ्याला ही बनवलेली कथा आहे असे आधी सांगावे. संकलन झाले की पहिला खेळ त्या दोन अभिनेत्रींच्या घरच्यांसाठी लावावा, कारण उद्या गावात चर्चा उठली तर ती त्यांच्याच दारात येणार आहे.